त्रसरेणूंची मोजणी

मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत सोन्यारुप्याच्या वजनांचें कोष्टक आहे. त्याचा आरंभ गुंजेपासून होत नाहीं, मोहरीच्या दाण्यापासूनहि होत नाहीं. तो त्रसरेणूपासून होतो. झरोक्यांतून सूर्याचा किरण घरांत आला असतां त्यांत जो सूक्ष्म रज तरंगतांना दिसतो, तें पहिलें माप. असे आठ त्रसरेणु मिळून एक लिक्षा, तीन लिक्षा मिळून एक काळी मोहरी, आणि तीन काळ्या मोहऱ्या मिळून एक पांढरी मोहरी. हें कोष्टक कोणा सोनारानें तराजूंत घालून पडताळिलें असेल असें आम्हांस वाटत नाहीं. परंतु त्यांत एक गोष्ट अचूक हेरलेली आहे. धुळीचा एकेक कण हाताला लागत नाहीं, आणि भरउजेडांत तो डोळ्यांसहि दिसत नाहीं. भोंवतीं अंधार असावा व त्यांत एकच झोत यावा, म्हणजे तो आपण होऊन प्रकट होतो. कौलारू घरांत वाढलेल्या कोणासहि कवडशांतील ही धूळ परिचयाची आहे. शुक्राच्या मेघांतील व मंगळाच्या हवेंतील कण मोजण्यासाठीं जीं उपकरणें गेलीं, किंवा जावयाचीं म्हणून तयार झालीं, त्यांपैकीं पुष्कळांच्या पोटांत असाच एक चिमुकला अंधार व एक कवडसा असतो.

ह्या उपकरणांचा इतिहास बहुधा अग्निबाणांच्या इतिहासाची पुरवणी म्हणून सांगितला जातो. आम्हांस तें अपुरें वाटतें. अग्निबाण उपकरणास तेथवर नेऊन सोडतो, एवढेंच. तेथें गेल्यावर काय कळणार व काय कळणार नाहीं, हें उपकरण लहान करतांना त्यांतून कशाकशाला फांटा दिला ह्यावर ठरतें. दोन शेजारी ग्रहांच्या वातावरणाविषयीं आज जें आपण मानतों त्यांतील बराच भाग अशा काटकसरींतून हातीं आला आहे. आणि एक वाद तर त्याच काटकसरीमुळें चाळीस वर्षांहून अधिक काळ मिटलेला नाहीं. त्या वादाकडे यावयाचें, तर आधीं थोडें मागें गेलें पाहिजे.

१८७० च्या जानेवारींत जॉन टिंडल ह्यानें लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें धूळ व रोग ह्या विषयावर व्याख्यान दिलें. अंधाऱ्या दालनांत विजेच्या दिव्याचा झोत सोडून त्यानें श्रोत्यांना ते स्वतः श्वासावाटे घेत असलेली हवा दाखविली. झोताखालीं स्पिरिटचा दिवा धरला कीं वर काळ्या धुराचे लोट उठल्यासारखे दिसत. परंतु तो धूर नव्हता. ज्योतीनें तेथील धूळ जळून जाई, व धूळ गेली कीं प्रकाश परतविणारें कांहींच उरत नसे. तें काळें म्हणजे निव्वळ शुद्ध हवा. लंडनच्या धुळीचा मोठा भाग सेंद्रिय आहे हें त्यावरून त्यानें काढलें. दाखविण्याचें काम ह्यापेक्षां नाट्यमय रीतीनें क्वचितच कोणी केलें असेल.

मोजण्याचें काम मात्र दुसऱ्या एका गृहस्थानें केलें. स्कॉटलंडांतील फॉल्कर्क येथील जॉन एट्किन हा शिक्षणानें इंजिनियर. पण प्रकृतीनें साथ न दिल्यामुळें त्यानें तो धंदा सोडला. खाण्यापिण्याची ददात नव्हती. घरांतच प्रयोगशाळा, उपकरणें बहुतेक स्वतःच्या हातचीं. हवेंत धुळीचा कण असल्याखेरीज वाफेचा थेंब सहसा बनत नाहीं, हें तत्त्व त्यानें १८८० सालीं एडिंबरोच्या रॉयल सोसायटीपुढें मांडलें. फ्रान्समध्यें कूलिए ह्यानें १८७५ मध्यें त्याच दिशेनें प्रयोग केले होते. एट्किन तेथें स्वतंत्रपणें पोंचला. आणि मग त्याला एक साधी युक्ति सुचली. धुळीचा अतिसूक्ष्म कण कोणत्याहि भिंगांतून दिसत नसेल, तर त्याच्याभोंवतीं पाणी जमवून त्याचा थेंब करावा. थेंब दिसतो, व जितके थेंब तितके कण.

त्याचें यंत्र असें. एका बंद भांड्यांत कापसांतून गाळून घेतलेली निर्मळ हवा, तींत तपासावयाची हवा अगदीं मोजून थोडीशी मिसळावयाची, आंत ओलावा पुरेपूर. पंपाचा दट्ट्या झटक्यानें ओढला कीं हवा प्रसरण पावून थंड होते, प्रत्येक कणावर वाफ बसते, आणि थेंबांचा बारीक पाऊस तळाशीं असलेल्या चांदीच्या चकचकीत तबकडीवर पडतो. तबकडीवर मिलिमीटर-मिलिमीटरचे चौकोन कोरलेले. भिंगांतून पाहून एका चौकोनांतील थेंब मोजावे व गुणाकार करावा. आरंभींचें यंत्र टेबलावर मांडून ठेवण्याचें होतें. परंतु एट्किनला घरची हवा मोजून समाधान नव्हतें. त्यानें तें प्रवासांत नेण्याजोगें केलें, आणि १८९० च्या सुमारास तर खिशांत मावेल असें धूलिमापक त्यानें बनविलें. स्वित्झर्लंडांतील रिगी पर्वताचें शिखर, १८८९ मध्यें नुकताच उभा राहिलेला पॅरिसचा आयफेल मनोरा, भूमध्य समुद्राच्या कांठचीं आरोग्यस्थानें, अशा ठिकाणीं त्यानें मोजणी केली. शहरांत घनसेंटिमीटरला लाखाच्या घरांत कण, तर पर्वतमाथ्यावर कांहीं शेंकडे. लहान उपकरणाचा खरा लाभ कोणता, हें येथें प्रथम दिसलें. मोठें यंत्र एकाच हवेविषयीं पुष्कळ सांगतें. लहान यंत्र जेथें जावें तेथल्या हवेविषयीं थोडें सांगतें, आणि हें थोडें एकमेकांशीं ताडून पाहतां येतें.

(जातां जातां सांगावयास हरकत नाहीं कीं स्कॉटलंडच्याच बेन नेव्हिस शिखरावरील वेधशाळेंत १८९४ च्या सप्टेंबरांत राहिलेल्या सी. टी. आर. विल्सन नांवाच्या तरुणानें तेथील ढगांचा खेळ पाहून एट्किनचाच प्रयोग पुढें चालविला, व त्यांतून अणूंच्या भंगांचे माग दाखविणारी मेघपेटी निघाली. १९२७ चें नोबेल पारितोषिक तिला मिळालें. धुळीचा अभ्यास क्षुद्र समजणाऱ्यांनीं हें ध्यानांत ठेवावें.)

एट्किनचें यंत्र खानेसुमारी करी. माणसें किती तें तें सांगे. लहान कोण, मोठा कोण, जात-कूळ काय, ह्याची चौकशी करीत नसे. शिवाय त्याला पाणी हवें, दट्ट्या ओढणारा हात हवा, मोजणारा डोळा हवा. जेथें माणूस जात नाहीं तेथें त्याचा उपयोग नाहीं. तेथें कवडशाकडेच परतावें लागलें, आणि तें परतणें युद्धाच्या निमित्तानें घडलें. दुसऱ्या महायुद्धांत विषारी वायूंच्या मुखवट्यांतील गाळण्या कितपत विश्वासू आहेत, त्यांतून एखादा कण निसटतो कीं काय, हें तपासण्याची निकड अमेरिकेच्या सैन्यास पडली. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठांतील फ्रँक गकर व त्याचे सहकारी ह्यांनीं हवेची बारीक धार एका प्रखर झोतांतून जाऊं दिली. प्रत्येक कण झोतांत शिरतांच क्षणभर चमकतो. ती चमक प्रकाशग्राही विद्युन्नलिका टिपते व एक ठोका देते. ठोक्यांची संख्या म्हणजे कणांची संख्या, आणि ठोक्याची उंची म्हणजे कणाचा आकार. झोतासाठीं त्यांनीं मोटारगाडीचा पुढचा दिवा वापरला होता. १९४७ मध्यें तें काम प्रसिद्ध झालें. पुढें अशीं यंत्रें औषधांच्या व विद्युत्-उपकरणांच्या कारखान्यांत धूळ वारण्यासाठीं सर्रास बसलीं, आणि लेसर निघाल्यावर मोटारीच्या दिव्याची जागा त्यानें घेतली.

"ठोक्याची उंची म्हणजे कणाचा आकार" असें आम्हीं वर लिहिलें, त्यांत एक मेख आहे. जर्मनींतील ग्राइफ्सवाल्ड येथील गुस्टाव्ह मी ह्यानें १९०८ मध्यें, पाण्यांत तरंगणाऱ्या सोन्याच्या सूक्ष्म कणांचे रंग समजून घेतांना, गोल कणावरून प्रकाश कसकसा विखुरतो ह्याचें संपूर्ण गणित सोडविलें. त्या गणिताप्रमाणें कण वाढला म्हणजे चमक वाढतेच असें नाहीं. कणाचा आकार प्रकाशलहरीच्या लांबीएवढा झाला कीं चमक वर जाते, पुन्हां उतरते, पुन्हां चढते. तेव्हां एकाच कोनांतून पाहिल्यास दोन वेगळ्या आकारांचे कण सारखेच चमकतात. शिवाय कण कशाचा आहे ह्यावरहि चमक अवलंबून. आणि तो गोल नसेल तर हें सगळें गणितच डळमळतें. उपाय उघड आहे: अनेक कोनांतून पाहावें, अनेक रंगांच्या प्रकाशांत पाहावें. पृथ्वीवरील प्रयोगशाळेंत तें करतां येतें. परग्रहावर प्रत्येक कोनास एक डोळा, प्रत्येक डोळ्यास एक खिडकी, आणि प्रत्येक खिडकीस वजन लागतें.

हें वजन किती महाग पडतें तें शुक्राच्या उदाहरणानें समजेल. शुक्राच्या पृष्ठावर हवेचा दाब पृथ्वीच्या सुमारें नव्वद पट, आणि उष्णता ४६० अंशांच्या आसपास, म्हणजे शिसें वितळून जाईल इतकी. तेथें उतरावयाच्या उपकरणांस जाड धातूच्या गोलांत बंद करावें लागतें. गोल जितका मोठा तितकी त्याची भिंतहि जाड हवी. म्हणून गोलाचा व्यास दुप्पट केला तर त्याचें वजन जवळजवळ आठपट होतें. आंतील एखादें उपकरण चार बोटें लांब झालें, तर तें स्वतःच्या वजनानें जेवढें भारी होत नाहीं तेवढें आपल्या घरामुळें होतें. त्यांतून प्रत्येक खिडकी म्हणजे त्या भिंतीला पाडलेलें एक भोंक.

शुक्र सदा पिंवळट ढगांत गुरफटलेला. ते ढग कशाचे, हें दुर्बिणींतून पाहून उमगत नसे. फ्रेंच ज्योतिषी बर्नार ल्यो ह्यानें १९२० नंतरच्या दशकांत एक अत्यंत नाजूक ध्रुवणमापक तयार केला. ग्रहावरून येणाऱ्या प्रकाशाच्या लहरी कोणत्या प्रतलांत किती प्रमाणांत कंप पावतात हें तो सांगे. शुक्राच्या कला बदलत जातात तसें हें ध्रुवण कसें बदलतें, त्याची वक्ररेषा ल्योनें १९२९ मध्यें प्रसिद्ध केली. ती चाळीस वर्षें जवळजवळ तशीच पडून होती, कारण तिचा अर्थ लावण्यास लागणारी आकडेमोड माणसाच्या हातून होण्याजोगी नव्हती. गणकयंत्रें आल्यावर जेम्स हॅन्सन व होव्हेनियर ह्यांनीं १९७४ मध्यें ल्योच्या व नंतरच्या मोजमापांवरून मीच्या गणिताच्या साह्यानें दाखविलें कीं, शुक्राच्या वरच्या ढगांतील कण गोल आहेत, त्यांची त्रिज्या सुमारें १.०५ मायक्रॉन आहे, आणि त्यांचा वक्रीभवनांक १.४४ च्या जवळ आहे. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा सहस्रांश. हे आंकडे तीव्र गंधकाम्लाच्या थेंबांशीं जुळतात; गंधकाम्लाची कल्पना त्याच सुमारास इतरांनींहि सुचविली होती. पृथ्वीवर बसून चार कोटि किलोमीटरांहून दूर असलेल्या कणाची त्रिज्या दशांश मायक्रॉनपर्यंत सांगणें, हें आम्हांस आजहि नवलाचें वाटतें. मात्र हें ज्ञान ढगांच्या वरच्या थराचें. खालीं काय आहे तें खालीं गेल्यावांचून कळणार नव्हतें.

रशियाचीं व्हेनेरा ९ व व्हेनेरा १० हीं यानें १९७५ च्या ऑक्टोबरांत २२ व २५ तारखांस शुक्रावर उतरलीं. त्यांवर नेफेलोमीटर, आपण मेघमापक म्हणूं, होतें: बाहेर प्रकाश टाकावयाचा व भोंवतालच्या कणांवरून किती परततो तें पाहावयाचें. ढगांचा तळ पृष्ठापासून सुमारें ४९ किलोमीटरांवर आहे, व त्याखालीं हवा बरीच स्वच्छ आहे, हें त्यांवरून दिसलें. त्यानंतर ९ डिसेंबर १९७८ रोजीं अमेरिकेच्या पायोनियर व्हीनस योजनेंतील एक मोठें व तीन लहान अन्वेषक शुक्राच्या वातावरणांत वेगवेगळ्या ठिकाणीं शिरले. मोठ्याचें वजन सुमारें ३१५ किलो, लहानांचें प्रत्येकीं सुमारें ९० किलो. चारहि अन्वेषकांवर बोरिस रेजेंट व झाक ब्लामाँ ह्यांचें एकच नमुन्याचें मेघमापक बसविलेलें होतें. एट्किननें जें रिगीवर व पॅरिसला केलें तेंच हें: एक साधें यंत्र चार गांवांना. ढगांचे मुख्य थर चारहि ठिकाणीं साधारण त्याच उंचींवर आढळले. पण हें यंत्र मुख्यतः मागें परतणारा प्रकाश पाही. कण किती मोठे, हें त्यावरून स्वतंत्रपणें निघत नव्हतें.

तें काम मोठ्या अन्वेषकावरील दुसऱ्या उपकरणाकडे होतें. रॉबर्ट नॉलेनबर्ग हा पृथ्वीवरील ढगांत विमानें नेऊन थेंब मोजणारा मनुष्य. कण लेसरच्या झोतांतून जातांना त्याची सावली प्रकाशग्राही घटकांच्या एका रांगेवर पडूं द्यावी, व किती घटक झांकले गेले त्यावरून त्याचें माप काढावें, ही युक्ति त्यानें त्यापूर्वींच प्रचारांत आणली होती. ह्या रीतींत मीच्या गणिताची कटकट नाहीं. पण अगदीं बारीक कणांची सावलीच नीट पडत नाहीं. म्हणून शुक्रासाठीं त्यानें व डोनाल्ड हंटननें एकाच उपकरणांत दोन्ही पद्धती घातल्या. बारीक कणांसाठीं चमक, त्याहून मोठ्यांसाठीं सावली. अर्ध्या मायक्रॉनपासून पांचशें मायक्रॉनपर्यंत सारा पल्ला ह्या दोघांनीं मिळून गांठावयाचा. पृथ्वीवर ह्यासाठीं विमानाच्या पंखांखालीं दोन-तीन वेगळीं यंत्रें टांगतात. येथें सगळें एका डब्यांत.

अन्वेषक हवाई छत्रीला लटकून ढगांतून सुमारें पंधरा-वीस मिनिटें उतरत होता. तेवढ्या काळांत जें हातीं लागलें त्याप्रमाणें शुक्राच्या मेघांत तीन जातींचे कण आहेत: पहिले अर्ध्या मायक्रॉनच्याहि आंतबाहेरचे, दुसरे दोन-अडीच मायक्रॉन व्यासाचे, म्हणजे ल्योच्या वक्ररेषेंत सांपडलेलेच थेंब, आणि तिसरे सात-आठ मायक्रॉनांचे. तिसरी जात संख्येनें थोडी. पण आकार मोठा असल्यामुळें मधल्या व खालच्या ढगांचें बहुतेक वजन तिच्याच वांट्यास आलें. आणि घोटाळा येथेंच झाला. हे मोठे कण गंधकाम्लाचे गोल थेंब मानले तर त्यांवरून प्रकाश किती परतावा ह्याचा हिशेब होतो. शेजारच्या मेघमापकानें प्रत्यक्ष टिपलेला प्रकाश त्या हिशेबाशीं जुळेना. तेव्हां नॉलेनबर्ग व हंटन ह्यांनीं १९८० मध्यें असें म्हटलें कीं, ही तिसरी जात थेंबांची नसून घन स्फटिकांची असावी. घन, तर कशाचे? गंधकाम्ल तेथें घन होत नाहीं. म्हणजे शुक्राच्या ढगांत कोणता तरी वेगळाच पदार्थ मोठ्या प्रमाणांत आहे, असें मानण्याची पाळी आली.

१९८४ मध्यें ब्रायन टून व त्याचे सहकारी ह्यांनीं ह्यावर शंका काढली. तिसरी जात नेमकी दोन पद्धतींच्या शिवेवर पडते हें त्यांच्या ध्यानांत आलें. चमकेनें मोजण्याचा पल्ला जेथें संपतो व सावलीनें मोजण्याचा जेथें सुरू होतो, तेथें दोहोंच्या मापांत थोडासा जरी मेळ चुकला, तरी दुसऱ्या जातीचीच शेंपटी तुटून ती वेगळी तिसरी जात म्हणून उभी राहील. तसें असेल तर स्फटिकहि नकोत व नवा पदार्थहि नको. ध्यानांत घेण्यासारखें असें कीं, ह्या शंकाकारांत रेजेंट व ब्लामाँ, म्हणजे त्याच अन्वेषकांवरील मेघमापकाचे कर्ते, होते. एकाच गाडींतून गेलेल्या दोन साक्षीदारांपैकीं एकानें दुसऱ्याच्या साक्षीवर घेतलेला हा आक्षेप होता. नॉलेनबर्गनें त्याच वर्षीं आपल्या बाजूचा पुरावा पुन्हां तपासून उत्तर दिलें. शिवेवर मेळ खरोखरच चुकला होता कीं नाहीं, हें उपकरण हातीं घेऊन, त्यांतून ठाऊक आकाराचे कण सोडून, दोन दिवसांत ठरविणें शक्य होतें. परंतु उपकरण शुक्राच्या तप्त भूमीवर पडलें आहे.

आम्हांस टूनची बाजू अधिक संभाव्य वाटते, कारण ती कमी गृहीत धरते. पण संभाव्य म्हणजे सिद्ध नव्हे, आणि स्फटिकांचा पक्ष सोडून न देणारे लोक अविचारी आहेत असेंहि नाहीं. १९८५ च्या जूनमध्यें रशियाच्या व्हेगा यानांनीं शुक्राच्या ढगांत दोन फुगे सोडले. ब्लामाँनेंच त्या कल्पनेचा पाठपुरावा केला होता. सुमारें साडेतीन मीटर व्यासाचा फुगा, खालीं सात किलोंच्या जवळपास वजनाची पेटी, तींत इतर उपकरणांबरोबर पुन्हां एक मेघमापक. फुगे सुमारें दोन दिवस वाऱ्याबरोबर वाहत गेले. वाऱ्यांविषयीं त्यांनीं फार सांगितलें. स्फटिकांचा निकाल त्यांनीं लावला नाहीं.

गुरूकडे आम्ही धांवती नजर टाकूं. गॅलिलिओ यानाचा अन्वेषक ७ डिसेंबर १९९५ रोजीं गुरूंत शिरला. त्यावरचें मेघमापक रेजेंटचेंच, आणि ह्या खेपेस अनेक कोनांतून पाहणारें. उपकरण उत्तम चाललें. पण अन्वेषक नेमका ज्या ठिकाणीं पडला तें गुरूवरील एक कोरडें, जवळजवळ निरभ्र ठिकाण निघालें. पाहावयास ढगच फारसे नव्हते.

मंगळाची गोष्ट उलट आहे. तेथें ढग थोडे, धूळ अमाप. हवेचा दाब पृथ्वीच्या शंभराव्या अंशाहूनहि कमी, तरी त्या विरळ हवेंत लालसर धूळ सदैव तरंगत असते, आणि कांहीं वर्षांनीं सारा ग्रह झांकून टाकणारें वादळ उठतें. २२ सप्टेंबर १९७१ रोजीं असें एक वादळ सुरू झालें. नोव्हेंबरांत मरिनर ९ हें यान तेथें पोंचलें तेव्हां खालीं कांहींच दिसेना. चार ज्वालामुखींचीं शिखरें तेवढीं धुळीच्या समुद्रांतून बेटांप्रमाणें वर आलेलीं. त्या यानाचा कार्यक्रम पृथ्वीवरून बदलतां येत होता, म्हणून धूळ बसेपर्यंत तें थांबलें. रशियाच्या मार्स २ व मार्स ३ ह्यांच्या अवतरणाचा कार्यक्रम मात्र आधींच ठरून गेलेला. पहिलें आदळलें, दुसरें २ डिसेंबरास उतरलें व दोन मिनिटांच्या आंत मुकें झालें. वादळामुळेंच मुकें झालें असें निश्चयानें म्हणतां येत नाहीं, पण तो संशय फिटलेलाहि नाहीं.

मंगळाच्या धुळीचें पहिलें चांगलें माप १९७६ मध्यें उतरलेल्या व्हायकिंग यानांनीं घेतलें, आणि त्यासाठीं वेगळें उपकरण नव्हतेंच. कॅमेराच सूर्याकडे वळवून सूर्य किती मंद दिसतो तें पाहिलें गेलें. (त्या कॅमेऱ्यानें पाठविलेल्या पहिल्या रंगीत चित्रांत आकाश निळें छापलें गेलें होतें, रंगांचा हिशेब नीट झाल्यावर तें गुलाबी-पिंगट आहे हें उघड झालें. निळ्या आकाशाची संवय किती खोल असते पाहा.) सूर्याभोंवतींच्या तेजोवलयाचा विस्तार, आकाशाची कोनागणिक बदलणारी कांति, ह्यांवरून कणांची सरासरी त्रिज्या काढतां येते. व्हायकिंग, १९९७ चें पाथफाइंडर, २००४ नंतरचे स्पिरिट व ऑपॉर्च्युनिटी, ह्या सर्वांच्या मोजमापांवरून ती दीड मायक्रॉनच्या जवळपास येते. आपल्या मंगलयानानेंहि २४ सप्टेंबर २०१४ पासून ह्यांत भर घातली. त्यावरील पांचहि उपकरणें मिळून वजन पंधरा किलोंच्या आंत, आणि रंगीत कॅमेरा तर सव्वा किलोचा. त्याच्या चित्रांवरून अहमदाबादच्या भौतिकी अनुसंधान प्रयोगशाळेंतील संशोधकांनीं मंगळावरील व्हॅलेस मरिनेरिस ह्या प्रचंड दरीच्या तळावर व कडेवर धुळीचा पडदा किती जाड आहे हें ताडून, उंचीबरोबर धूळ कशी विरळ होते तें काढलें. धूळ मोजण्यासाठीं न केलेल्या कॅमेऱ्याकडून धूळ मोजवून घेणें, ही काटकसरीची परमावधि.

ह्याहून स्वस्त उपकरणें म्हणजे लोहचुंबक. कोपनहेगनच्या संशोधकांनीं पाथफाइंडरवर व पुढील गाड्यांवर वेगवेगळ्या जोराचे चुंबक बसविले. वजन थोडें, वीज शून्य, बिघडण्यासारखें कांहीं नाहीं. त्यांवर किती धूळ चिकटली त्याचीं छायाचित्रें घेतलीं, व मंगळाची धूळ चुंबकानें ओढली जाते हें कळलें. पुढें २०१२ मध्यें उतरलेल्या क्युरिऑसिटीवरील प्रकाशमापकाच्या डोळ्यांभोंवतीं ह्याच ज्ञानाच्या आधारें चुंबकांचीं कडीं बसविण्यांत आलीं. येणारी धूळ कड्यानें ओढून घ्यावी व डोळा स्वच्छ राहावा म्हणून.

पाथफाइंडरच्या सोजर्नर ह्या चिमुकल्या गाडीवर आणखी एक उपकरण होतें, तें आम्हांस विशेष आवडतें. सूर्यप्रकाशावर चालणारा विजेचा एक लहानसा घट, त्यावर कांचेचें झांकण. झांकणावर धूळ बसत जाई. अधूनमधून तें झांकण, तापतांच आपलें मूळ रूप धरणाऱ्या धातूच्या एका तारेनें, बाजूला सरे. झांकण असतां वीज किती व नसतां किती, ह्या वजाबाकीवरून धूळ किती बसली तें निघे. उत्तर: दररोज शेंकडा ०.२८ प्रकाश कमी. ऑपॉर्च्युनिटीस नव्वद दिवसांचेंच आयुष्य नेमून दिलें होतें, त्यामागें असलाच हिशेब होता. प्रत्यक्षांत वारा मधूनमधून पत्रे झाडून जाई, आणि ती गाडी चौदा वर्षांहून अधिक चालली. १० जून २०१८ रोजीं तिचा शेवटचा निरोप आला. त्या वेळच्या अंदाजाप्रमाणें सूर्याच्या सरळ किरणांपैकीं पन्नास हजारांत सुमारें एक अंशच तिच्यापर्यंत पोंचत होता. दिवसाची वीज २२ वॅट-तासांवर आली होती. २०२२ च्या अखेरीस इनसाइट हें स्थिर यानहि पत्र्यांवरील धुळीनेंच बंद पडलें.

वरील सर्व मोजमापांत एक गोष्ट वाचकांच्या ध्यानांत आली असेल. मंगळाच्या हवेंतील धूळ एकेक कण करून आजवर कोणीं मोजलेली नाहीं. दीड मायक्रॉन ही सरासरी, आणि तीहि डोक्यावरील साऱ्या हवेची, सूर्याच्या प्रकाशावरून अनुमानिलेली. जमिनीलगत, जेथें वारा कण उचलतो, तेथें बारीक किती व जाड किती, हें ठाऊक नाहीं. आणि वादळ कसें सुरू होतें हें समजावयाचें तर तेंच हवें. नेपल्स येथील कापोदिमोंते वेधशाळेंत फ्रांचेस्का एस्पोझितो व तिचे सहकारी ह्यांनीं ह्यासाठीं मायक्रोमेड नांवाचें उपकरण तयार केलें. गकरच्या यंत्राचाच हा वंशज, पण मोटारीचा दिवा जाऊन बारीक लेसर आलेला, व एकंदर वजन अर्ध्या किलोच्या आसपास. लहान पंपानें हवा आंत ओढावयाची, ती निमुळत्या नळीनें झोतांत सोडावयाची, चमक एका आरशानें गोळा करावयाची. मंगळाच्या विरळ हवेंत एका घनसेंटिमीटरांत कण दोनचारच असतात, म्हणून हवा पुष्कळ ओढावी लागते. आणि विरळ हवा जड कणाला आपल्याबरोबर नीट वळवीत नाहीं, तो भिंतीवर जाऊन आदळतो. नळीचा घाट ठरविण्यांतच ह्या उपकरणाची बरीचशी कारागिरी खर्ची पडली आहे. कोन एकच, रंगहि एकच. मीच्या गणिताची जुनी मेख कायम. तिच्यासाठीं पृथ्वीवर मंगळासारखी हवा व मंगळासारखी धूळ बंद पेटींत भरून आधीं ताळा पाहण्यांत आला, म्हणजे शुक्रावरील शिवेसारखा वाद मागाहून उठूं नये.

हें उपकरण एक्सोमार्स योजनेंतील रशियन अवतरणमंचावर धुळीच्या इतर उपकरणांबरोबर जावयाचें होतें. उड्डाण २०२२ च्या सप्टेंबरांत ठरलें होतें. त्या वर्षाच्या फेब्रुवारींत रशियानें युक्रेनवर स्वारी केली, मार्चमध्यें युरोपच्या अंतराळसंस्थेनें हें सहकार्य स्थगित केलें, आणि तो मंच गेला नाहीं. एस्पोझितो ह्यांच्याच नेतृत्वाखालचा दुसरा उपकरणसंच त्यापूर्वीं १९ ऑक्टोबर २०१६ रोजीं स्कियापारेल्ली यानाबरोबर मंगळावर आदळून नष्ट झाला होता.

शुक्राच्या स्फटिकांचीहि पुन्हां चौकशी व्हावयाची आहे. २०२० मध्यें शुक्राच्या ढगांत फॉस्फिन वायु आढळल्याचा वादग्रस्त दावा झाल्यापासून तिकडे पुन्हां लक्ष लागलें, आणि रॉकेट लॅब ह्या खाजगी कंपनीनें मॅसॅच्युसेट्सच्या सारा सीगर प्रभृतींबरोबर एक लहान अन्वेषक पाठविण्याची योजना आखली. १९७८ चा मोठा अन्वेषक ३१५ किलोंचा होता. हा वीस किलोंच्या आसपासचा, आणि त्यांत उपकरणासाठीं राखलेलें वजन एक किलो. त्या एका किलोंत काय बसवावें ह्यावर त्यांनीं दिलेलें उत्तर म्हणजे पुन्हां एक मेघमापक: एक लेसर, एक खिडकी, परतलेल्या प्रकाशाचें ध्रुवण तपासून कण गोल आहे कीं वेडावांकडा तें सांगण्याची सोय, आणि कण स्वतः मंद प्रकाशतो काय तें पाहणारा एक डोळा. हवाई छत्री नाहीं. ढगांतून जाण्यास सुमारें पांच मिनिटें मिळतील. आणि तेवढ्या वेळांत पृथ्वीकडे धाडतां येतील इतकेच आंकडे ठेवावयाचे असल्यामुळें, कोणते कण नोंदावयाचे व कोणते सोडून द्यावयाचे, हें उपकरणाला निघण्यापूर्वींच सांगून ठेवावें लागणार आहे.